केसरबाईचा निरोप

अर्जातली एक अट वाचली आणि नाहीदने तो कागद रश्मी मॅडमच्या हातात परत दिला.

राजुऱ्याजवळच्या कोळसा खाणीसाठी एक गाव उठवलं गेलं होतं. त्या गावाच्या नव्या वस्तीत नाहीद शेख अंगणवाडी सेविका होती. रश्मी मॅडम चंद्रपूरच्या एका संस्थेत काम करायच्या आणि महिन्यातून एकदा वस्तीत यायच्या. या वेळी त्यांनी प्रशिक्षणाचा अर्ज आणला होता. काठमांडूला बारा दिवस राहायचं. नऊ देशांतून माणसं येणार. वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांनी एकमेकांशी बोलायचं कसं, भांडण झालेल्या गावात शांतता पुन्हा उभी करायची कशी, हे तिथे शिकवणार होते. सगळा खर्च त्यांचाच. अट एवढीच की एकट्याने यायचं नाही. जोडीने यायचं, जोडीतले दोघं दोन धर्मांचे हवेत आणि त्यांच्या लोकांमध्ये खरंखुरं भांडण झालेलं हवं.

"माह्यासंग कोण येईन इथलं?" नाहीद म्हणाली. "दुसऱ्या कोणाले तरी पाहा मॅडम."

"गुलाब दुर्गे तयार आहेत. पण ते म्हणाले, नाहीदबाई असन तरच जातो. दुसऱ्या कोणासोबत नाही."

नाहीदच्या हातातलं उंचीचं माप खाली पडलं. अंगणवाडीतली पोरं हसली.

गुलाबभाऊ खाणीवर डंपर चालवायचे. पंचेचाळिशीचा, मितभाषी माणूस. वस्तीतल्या बौद्ध घरांत त्यांच्या शब्दाला मान होता. ते नाहीदचंच नाव का घेत होते, हे तिला ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिला जायचं नव्हतं.

जुन्या गावात विहार वडाजवळ होता आणि कब्रस्तान नाल्याच्या काठी. इतक्या वर्षांत त्यावरून कधी शब्द झाला नव्हता. नव्या वस्तीत प्लॉट पाडले तेव्हा रस्त्याकडेची एकच मोकळी जागा उरली. ती विहारासाठी आहे असं एका साहेबाने सांगितलं होतं आणि कब्रस्तानासाठी आहे असं दुसऱ्याने. चार वर्षांपूर्वी एका सकाळी बौद्ध मंडळी तिथे झेंड्याचा खांब रोवायला गेली. खांब उभा राहतो न राहतो तोच मुसलमान गल्लीतले लोक अडवायला गेले. आधी तोंडातोंडी, मग धक्काबुक्की, मग दगड. गुलाबभाऊंची आई केसरबाई त्या भांडणात नव्हतीच. ती पोराला जेवायला बोलवायला आली होती. एक दगड तिच्या डाव्या डोळ्यावर बसला आणि तो डोळा गेला.

पोलीस आले. केस अज्ञात इसमांवर झाली. दगड कोणी मारला हे कोणीच सांगितलं नाही. पुढे कितीतरी महिने बौद्ध घरांतली पोरं अंगणवाडीत आली नाहीत. गल्लीतून एकच माणूस केसरबाईला बघायला चंद्रपूरच्या दवाखान्यात गेलं होतं, आणि ते माणूस म्हणजे नाहीद. डब्यात शिरा घेऊन गेली होती. गुलाबभाऊंनी ती गोष्ट मनात जपून ठेवली होती. त्यांना तो चांगुलपणा वाटला होता.

नाहीदने त्या सकाळी घराच्या स्लॅबवरून सगळं पाहिलं होतं. दगड तिच्या धाकट्या भावाच्या, तौसीफच्या हातून सुटला होता. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. दुपारी त्याने घरात येऊन ओकारी केली आणि अम्माच्या मांडीवर डोकं ठेवून थरथरत पडून राहिला. अम्माने नाहीदचा हात धरून तिच्याकडून वचन घेतलं, की हे बाहेर बोलशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. महिनाभरात तौसीफला कागजनगरला ट्रकच्या गॅरेजात कामाला लावून दिलं. दोन वर्षांनी अम्मा वारली. वचन तसंच राहिलं.

तरी नाहीद गेली. नवऱ्याने, इब्राहीमने, "जा, दुनिया पाहून ये" म्हटलं म्हणून नव्हे. नाही म्हणायला तिला खोटं कारण सापडेना, म्हणून.

चंद्रपूरहून गोरखपूरची गाडी, पुढे बस, मग सरहद्द. रश्मी मॅडम सोबत होत्या, कारण इंग्रजीतलं मराठीत आणि मराठीतलं इंग्रजीत त्याच करणार होत्या. गुलाबभाऊ सगळीकडे नाहीदची बॅग उचलायचे आणि तिने ओढली तरी सोडायचे नाहीत. वाटेवरच लुंबिनी होती. गुलाबभाऊंनी रश्मी मॅडमना फक्त एकदा विचारलं होतं, "थांबता येईन का?" त्यांनी अर्धा दिवस राखून ठेवला.

गुलाबभाऊ मायादेवीच्या मंदिरात गेले तेव्हा नाहीद बाहेर त्यांच्या चपला राखत बसली. अर्ध्या तासाने ते आले. डोळे लाल, पण चेहरा एखाद्या लहान पोरासारखा मोकळा. त्यांनी रश्मी मॅडमच्या फोनवरून आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन नाहीदच्या हातात देऊन ते डोळे धुवायला नळाकडे गेले.

"दाखव बाई, नीट दाखव," केसरबाई म्हणाली. "खांब दाखव अशोकाचा. असा नाई, थोडा उजवीकडं धर. एकाच डोयानं पाहून राह्यली ना मी."

नाहीदने फोन उजवीकडे धरला. तळं दाखवलं, झाडाला बांधलेल्या रंगीत पताका दाखवल्या, केशरी चिवरातले भंते दाखवले. केसरबाई तिकडे हात जोडून रडत होती आणि मधेच "नाहीद, तू जेवली का वो?" म्हणून विचारत होती. कॉल संपल्यावर नाहीदने फोन रश्मी मॅडमना परत दिला. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

प्रशिक्षण काठमांडूच्या कडेला एका जुन्या आश्रमासारख्या इमारतीत होतं. पहिल्या दिवशी सगळ्यांना गुलाबभाऊ आणि नाहीद नवरा-बायकोच वाटले. रश्मी मॅडमनी खुलासा केल्यावर एवढा हशा पिकला की गुलाबभाऊ लाजून बाहेर जाऊन उभे राहिले. श्रीलंकेच्या पूर्वेकडून एक भंते आणि एक मुसलमान मासेविक्रेता आले होते. दोघं एकाच ताटातून पपई खायचे आणि दिवसभर एकमेकांच्या खोड्या काढायचे. फिलिपीन्सच्या दोघी बायका होत्या. एकीचा नवरा दुसरीच्या गावातल्या लोकांनी मारला होता. त्या फारशा बोलत नसत, पण शेजारी शेजारी बसायच्या. शिकवणाऱ्या मुख्य बाई श्रीलंकेच्याच, सिस्टर मॅग्डलीन. साठीच्या, पांढऱ्या केसांच्या, आणि भाषण करण्यापेक्षा ऐकणाऱ्या.

इंग्रजी येत नाही याची नाहीदला जी धास्ती होती ती दोन दिवसांत गेली. तिथल्या निम्म्या लोकांना ते येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती मासेविक्रेत्याला फक्त हातवारे करून उसळ कशी करायची ते सांगत होती.

पाचव्या दिवशी सकाळी सिस्टरनी नवा पाठ दिला. जोडीतल्या प्रत्येकाने समोरच्याची गोष्ट सांगायची. ती 'मी' म्हणून सांगायची, जणू आपणच तो आहोत. समोरच्याने मधे बोलायचं नाही.

गुलाबभाऊ उठले. टोपी काढून हातात धरली. रश्मी मॅडम एकेक वाक्य इंग्रजीत सांगू लागल्या.

"मी नाहीद शेख. मी अंगणवाडीत शिकवते. माह्याकडं सगळ्यांचे लेकरं येतात, मी कोणाची जात पाहत नाई. एक दिवस भांडण झालं. माह्या गल्लीतल्या कोणाच्या तरी हातून दगड सुटला अन केसरबाईचा डोया गेला. कोणाच्या हातून, ते मले मालूम नाई. पण मले लाज वाटली. मनून मी दवाखान्यात गेली. माह्या गल्लीतले लोक नाराज झाले असतीन, तरी मी गेली. मले..."

"थांबा," नाहीद म्हणाली.

सिस्टरनी तिला थांबण्याची खूण केली. नाहीद उभी राहिली होती.

"थांबा गुलाबभाऊ. असं नाई आहे. मले मालूम आहे. मले पहिल्या दिवसापासून मालूम आहे. दगड तौसीफनं मारला. माह्या भावानं. मी स्लॅबवर होती, मी पाहिलं. लाज वाटली मनून मी दवाखान्यात नाई आली. भेव वाटलं मनून आली. तुमाले कोणावर शक आहे ते पाहाले आली."

खोलीत सगळे रश्मी मॅडमकडे बघू लागले, कारण त्या इंग्रजीत काहीच सांगत नव्हत्या. त्यांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं. सिस्टरनी हात हलवून त्यांना, राहू दे, असं सुचवलं. शब्द कळले नाहीत, तरी काय झालं ते खोलीत कळलं होतं.

गुलाबभाऊंनी टोपी घातली. खुर्ची नीट मागे सरकवली, चपला शोधल्या आणि फाटकाबाहेर निघून गेले.

तेव्हा अकरा वाजले होते. एकला जेवणाची घंटा झाली, दोन वाजले, तरी ते आले नाहीत. त्यांना हिंदी येत होतं, रस्ता विचारता आला असता, पण फोन खोलीवर राहिला होता. रश्मी मॅडम दोनदा चौकापर्यंत जाऊन आल्या. नाहीद पायरीवर बसून होती. आपण काय केलं, या परक्या देशात हा माणूस कुठे गेला असेल, त्याच्या आईला आपण काय सांगू, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

रश्मी मॅडमकडून सगळं ऐकून सिस्टर मॅग्डलीन तिच्याशेजारी येऊन बसल्या. त्या जे बोलल्या ते रश्मी मॅडमनी सांगितलं, पण नाहीदकडे न बघता.

"त्या म्हणतात, खरं बोललीस ते बरं केलंस. पण वीस माणसांसमोर बोललीस. त्याला ओरडायला, शिवी द्यायला तू जागाच ठेवली नाहीस. तुझं ओझं उतरलं आणि त्याच क्षणी त्याच्या डोक्यावर गेलं. हे लक्षात ठेव."

नाहीदने मान हलवली. कोणी समजूत घातली असती तर ती रडली असती.

चार वाजत आले तेव्हा फाटकातून गुलाबभाऊ आत आले. चपला धुळीने भरलेल्या होत्या. नाहीद उठून उभी राहिली.

ते तीन पायऱ्या खाली थांबले.

"मी टेकडीवरच्या स्तूपाकडं गेलो होतो," ते म्हणाले. "तिथी एका दुकानदाराच्या फोनवरून मायले फोन केला. डोया तिचा गेला. मी एकटा राग धरून काय करू? तिले सांगा लागे."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, गुलाब, चार साल झाले, मी दरेकाच्या हाताकडं पाहून राह्यली. दुकानात गेली तं दुकानदाराच्या. बसमध्ये बसली तं बाजूच्याच्या. हा असन का, तो असन का. आता एकच हात राह्यला. बाकीचे सुटले. तुले नाई समजणार मले किती हलकं वाटून राह्यलं ते."

नाहीद एक पायरी खाली उतरली.

"अन तिनं निरोप देल्ला. त्या पोट्ट्याले म्हणा, बहिणीनं सांगून चालत नाई. माह्यासमोर येऊन सांग."

"आणीन मी त्याले. गेल्याबरोबर आणीन."

"मले तुमचा राग आहे," गुलाबभाऊ म्हणाले. "आत्ताच सांगून ठेवतो. हा राग जाईन का नाई, मले मालूम नाई. तुमच्या शिऱ्याच्या डब्याची गोष्ट मी सगळ्या मोहल्ल्यात सांगत फिरलो होतो."

"रागवा भाऊ. पण तुमी येऊन राह्यले नव्हते ना, तं माह्या जिवात जीव नव्हता."

ते जाता जाता वळले. "आणखी एक आहे. मी चार साल अजीमवर शक धरला. सायकलवाल्या अजीमवर. त्याच्या दुकानात कोणी जाऊ नये मनून मीच लोकांले सांगितलं. त्याचं दुकान अर्धं बसलं. त्या बिचाऱ्यानं काहीच केलं नव्हतं." त्यांनी टोपीने तोंड पुसलं. "मनजे माह्याही हातचा एक दगड सुटलाच."

उरलेले सात दिवस दोघं जेवायला वेगळ्या टेबलांवर बसले. पण पाठाला शेजारी बसायचे. फिलिपीन्सच्या दोघींनी काही न विचारता आपल्या खुर्च्या त्यांच्याजवळ आणून ठेवल्या. शेवटच्या दिवशी प्रत्येक जोडीने गावी जाऊन काय करणार ते कागदावर लिहायचं होतं. इतरांनी मोठमोठे तक्ते केले. गुलाबभाऊंनी दोनच ओळी लिहिल्या: तौसीफ केसरबाईकडे जाईल. गुलाब अजीमकडे जाईल. सिस्टर मॅग्डलीननी रश्मी मॅडमकडून त्याचा अर्थ ऐकला आणि तो कागद भिंतीवर सगळ्यांच्या मधोमध लावला.

गावी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी नाहीद बल्लारशाहून गाडी पकडून कागजनगरला गेली. तौसीफ एका ट्रकखाली होता. तिचा आवाज ऐकून बाहेर आला. कोपरापर्यंत काळं ग्रीस. तिने तिथेच, टायरांच्या ढिगाशेजारी उभं राहून सगळं सांगितलं.

"आपा, तूने बोल दिया?" तो खाली बसला. मग विचारलं, "पोलीस?"

"मालूम नाई. ते तिच्या हातात आहे. मी तुले खोटा दिलासा देत नाई."

तिला वाटलं होतं तो चिडेल, नाही तर पळून जाईल. त्याने साबणाने हात धुतले. पुन्हा धुतले. मालकाला दोन दिवसांची सुट्टी मागितली आणि तिच्यासोबत निघाला. गाडीत तो एकच वाक्य बोलला, "अम्मा असती तं आता काय म्हणाली असती?" नाहीदने पिशवीतली पाण्याची बाटली त्याच्यापुढे केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं केसरबाईच्या घरी गेली. इब्राहीमही सोबत होता, पण तो अंगणातच थांबला. केसरबाई आत बाजेवर बसून सुपात तांदूळ निवडत होती. गुलाबभाऊ दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. कोणी बसा म्हटलं नाही.

"दगड मी मारला, बाई," तौसीफ म्हणाला. "मीच मारला. दुसऱ्या कोणी नाई."

केसरबाईने सूप बाजूला ठेवलं.

"कोणाले मारला होता?"

"कोणालेच नाई. झेंड्याच्या खांबाले."

"खांब तं उभाच आहे अजून," केसरबाई म्हणाली.

तौसीफ रडायला लागला. जमिनीवर बसून, तोंड झाकून, आवाज करत रडला. केसरबाईने त्याला उगी केलं नाही. त्याचं रडणं संपेपर्यंत ती बघत राहिली.

"मी तुले माफ केलं असं आजच म्हणत नाई," ती म्हणाली. "म्हटलं तं ते खोटं होईन. पोलिसात जाऊन मले डोया परत भेटत नाई, मनून तिथी जात नाई. पण तुले फुकट सोडत नाई मी. माह्या दुसऱ्या डोयात आता सारा, डॉक्टर मोतीबिंदू मनते तो, उतरून राह्यला. दर महिन्याले चंद्रपूरले दाखवा लागते. गुलाबची ड्युटी बुडते. ह्यापुढं तू नेशीन. तिथी लाइनीत तू उभा राहशीन. ऑपरेशन झालं तं माह्यापाशी दवाखान्यात तू थांबशीन. कबूल आहे?"

"कबूल आहे."

"अन येताना वेळेवर येजो. मले उशीर पटत नाई."

तौसीफ बाहेर पडताना गुलाबभाऊंनी चौकटीतून अंग बाजूला घेतलं, एवढंच. पण नाहीदने ते बघितलं. त्यांनी धक्का दिला नव्हता, वाट दिली होती.

घरी आल्यावर नाहीद चार वाजता झोपली ती दिवे लागेपर्यंत. इब्राहीमने तिला उठवलं नाही. स्वयंपाक त्यानेच केला, भात थोडा करपवला, आणि तिने तो दोनदा वाढून घेतला.

अजीमकडे गुलाबभाऊ त्याच आठवड्यात गेले. तिथे काय झालं ते अजीमनेच नंतर सगळ्यांना सांगितलं. गुलाबभाऊंनी गिऱ्हाइकांसमोर चूक कबूल केली. त्यांनी अर्ध्या गावात बदनामी केली होती म्हणून अजीमने त्यांना अर्ध्या गावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात शिव्या दिल्या. ते ऐकत उभे राहिले. शिव्या संपल्यावर अजीमने विचारलं, "सायकल आणली का?" त्यांनी आणली नव्हती. दुसऱ्या दिवशी चेन नीट असलेली सायकल घेऊन ते पुन्हा गेले आणि चेन सैल आहे म्हणाले.

रस्त्याकडेच्या जागेचा निकाल अजून लागलेला नाही. अर्ज साहेबांच्या टेबलावर पडलेला आहे. फरक एवढाच की आता अर्ज एकच आहे. विहाराला अर्धी आणि कब्रस्तानाला अर्धी जागा द्या, अशी मागणी, खाली दोन्हीकडच्या सह्या. गुलाबभाऊ अंगणवाडीत सही घ्यायला आले तेव्हा नाहीदशी कामापुरतंच बोलले. जाताना मात्र म्हणाले, "रश्मी मॅडमले श्रीलंकेच्या भंतेचा फोन आला होता. तुमाले सलाम सांगितला त्यानं, अन त्या मासेवाल्यानंही."

ऑपरेशन भादव्यात झालं. तौसीफ चार दिवस दवाखान्यात होता. पाचव्या दिवशी दुपारी अंगणवाडीसमोर एसटी थांबली. आधी तौसीफ उतरला, हातात औषधांची पिशवी, केस विस्कटलेले, गालावर सीटच्या रेघा. मग त्याच्या खांद्याला धरून काळ्या चष्म्यातली केसरबाई. नाहीद दारात येऊन उभी राहिली.

"काय झालं बाई? दिसून राह्यलं ना?"

"मले सगळं दिसून राह्यलं," केसरबाई म्हणाली. "तुह्या ह्या भावाचं तोंडच तेवढं दिसत नव्हतं, गमछ्यात खुपसलं होतं. चंद्रपूरपासून जो झोपला तो बल्लारपूर आलं, वर्धा नदीचा पूल आला, राजुरा आलं, तरी उठाचं नाव नाई. मले नेणारा हा, अन स्टॉप आला मनून उठवलं मी त्याले!"

तौसीफ ओशाळून हसला. नाहीद हसली. मागे पोरांनी खिचडीसाठी ताटल्या वाजवायला सुरुवात केली होती, म्हणून ती आत वळली.